ओढ्यापलीकडचा धूर

बुधवार, ५ मार्च

पेटलेल्या उसातून माणसाचा खोकला ऐकू आला, तेव्हा माझं सगळं बदललं. त्याच्या आधी मी कोण होतो ते मला अजून आठवतंय. आता कोण आहे ते विचारू नये.

काल दुपारची गोष्ट. परशरामच्या उसाला वरच्या बांधावरून काडी लावली. पाचोळा धरला. आधी तडतड, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मी ठरवल्यासारखंच सगळं चाललं होतं आणि छातीत एक प्रकारचा आनंद होता, खोटं कशाला लिहू. मग खालच्या अंगाला, उसाच्या आतून, तो खोकला. आणि मग हाक.

"बाहेर ये. बाहेर ये रं, ये बाहेर."

मला कोणीतरी बघितलं होतं. पकडायला आत शिरलं होतं. डोक्यात तेवढंच आलं आणि मी पळालो. गाडी ओढ्याच्या अलीकडं करंजाखाली लावली होती, किल्ली तिलाच. तिकडं जायचं धाडस झालं नाही. काजूच्या बागेतून वळसा घालून घरी आलो, मागच्या दारानं. अंघोळ केली, पांघरूण घेऊन पडलो. आईला वाटलं झोपलोय.

दिवेलागणीला आईनं सांगितलं, परशरामचा ऊस जळला आणि त्यात भावकूअण्णा सापडले. माणसांनी ओढून काढलं, टेंपोत घालून बेळगावला नेलं.

भावकूअण्णा म्हणजे तेजस्वीचे वडील.

जिच्यासाठी मी काडी लावली ती तेजस्वी.

गुरुवार, ६ मार्च

मंगळवार का निवडला ते लिहून ठेवतो, म्हणजे मी काही राक्षस नाही हे निदान कागदाला तरी कळेल.

एवढ्या वर्षांनी आमच्या देवीची यात्रा भरणार आहे. यात्रेआधीचे पाच मंगळवार गाव वार पाळतं. त्या दिवशी कुणी नांगर जुंपत नाही, गिरणी बंद, आणि ओढा ओलांडून शिवारात कुणी पाऊल टाकत नाही. गुरांना पाणी पाजायला ओढ्यापर्यंत जायचं, पुढं नाही. तोडणीची टोळीसुद्धा गावानं थांबवून ठेवलेली असते. वर्षातले हे पाचच दिवस असे, की आग लावली तर चिमणी सोडून कुणाला धग लागणार नाही. मी माणसं वाचवायला मंगळवार निवडला. हे कुणीतरी ध्यानात घेतलं पाहिजे.

परशरामविषयी काय सांगू? दरवर्षी ट्रॅक्टरनं आमचा बांध कोरतो. आप्पा होते तेव्हा भांडायचे, आप्पा गेल्यावर आई एकदा बोलायला गेली तर तिला म्हणाला, "तुझ्या साहेबाला पाठव की मोजायला, बेळगावास्नं शिकून आलाय न्हवं." सगळी हसली. माझं कॉलेज सुटलं ते गावभर त्यानंच पसरवलं. सरांच्या अंगावर मी धावून गेलो होतो हे खरं आहे. पण वर्गात पोरांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल त्यांनी करायची आणि मी गप बसायचं? बेळगावातल्या अनगोळच्या खोलीवरून गादी गुंडाळून आलो तो दिवस परशरामनं माझ्या कपाळावर डागून ठेवला.

आणि त्याच्याच सूरजला तेजस्वी द्यायची ठरली. सूरज निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून आहे. ऊस कारखान्याला गेला की साखरपुडा, असं परशराम पारावर बसून बोलला. मी ऐकलं. ऊस गेला की.

नंदगडला रायण्णाला फाशी दिलं त्या जागेवर आम्ही शाळेच्या सहलीला गेलतो. गुरुजींनी सांगितलेलं, त्यानं इंग्रजांच्या कचेऱ्या जाळल्या, सावकारांची कागदं जाळली. तिथं बायका आज नवसाचे पाळणे बांधतात. म्हणजे आग कुणाची आणि कशासाठी, त्यावर पाप ठरतं. ज्याला अन्याय सोसत नाही त्याला थोडी मोकळीक असते, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

पण रायण्णाच्या आगीत कुणाच्या पोरीचा बाप खोकत होता का, ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, ७ मार्च

गाडी घरात आहे.

आज धीर करून ओढ्याकडं जाऊन यावं म्हणून निघालो तर गोठ्याच्या आडोशाला माझी गाडी उभी. आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तेजस्वी लावून गेली की मंगळवारीच. तू घरात हैस काय म्हणून इचारली. झोपलाय म्हटलं. तर उंबऱ्यावरच बसली गं बाई, पाणी मागितली, पिली आणि पळाली बापाकडं."

म्हणजे तिला माहीत आहे.

दिवसभर हेच फिरतंय. तिला माहीत आहे आणि तिनं गाडी लपवली. बाप जळालेला असताना आधी माझ्या घरी आली. याचा अर्थ एकच होतो. बसमध्ये ती एकदा म्हणाली होती, "नागू, सरांची माफी माग आणि परत जा कॉलेजला." जिला काही वाटत नाही ती पोरगी असं बोलेल का?

याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण तिला माहीत आहे म्हणजे अण्णांनी सांगितलं. म्हणजे अण्णांनी मला बघितलं.

शनिवार, ८ मार्च

नंदगडहून पोलीस आला होता. घराघरांत विचारत फिरला. माझ्याशी कन्नडात बोलला, मंगळवारी कुठं होतास. कन्नड मला आईच्या दुधाइतकं येतं, बाजारात मी आईसाठी भांडतो त्या भाषेत. एक शब्द सुचला नाही. आईच म्हणाली, "मल्कोंडिद्दा री," झोपला होता. पोलीस माझ्याकडं बघून हसला. का हसला?

लाईनमन म्हणतो तारा घासल्या, ठिणगी पडली. परशरामही तेच धरून बसलाय. बसू दे.

सोमवार, १० मार्च

जळका ऊस कारखाना आधी उचलतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण डोक्यात आलं नाही. दोन दिवसांत टोळी, ट्रॅक्टर, सगळं परशरामच्या रानात. बाकीच्यांचा ऊस उभा वाळतोय आणि याचा गेला. थोडी कपात झाली म्हणे. पारावर चहा पाजत होता. मला बघून म्हणाला, "नाग्या, देवी पावली बघ आमाला."

मी त्याच्या चहाचा कप घेतला. प्यायलो पण.

मंगळवार, ११ मार्च

आज तिसरा वार. गावकीनं सगळ्यांना देवळात बोलावलं.

मागच्या मंगळवारी वार मोडला आणि देवीनं तिथल्या तिथं शिक्षा दिली, असं गाव म्हणतंय. भावकू ओढा ओलांडून कशाला गेला? पाण्याची मोटार चालू करायला, असं अण्णांनी दवाखान्यात सांगितलं म्हणे. लोभ सुटला म्हणून भाजला, असं झालं आता. आग विझवायला धावलेले सोडून आणखी कुणी ओलांडला असेल तर यात्रा बाटेल, तेव्हा प्रत्येक घरानं भंडारा उचलून शपथ घ्यायची, असं पंच मारुतीरावांनी ठरवलं.

मी गेलो. न जाणारा डोळ्यावर येतो. खांबाला टेकून उभा राहिलो. एकेक घर पुढं होत होतं. परातीतला भंडारा मुठीत घ्यायचा, देवीकडं बघून बोलायचं आणि कपाळाला लावायचा. आमच्या घराचं नाव आलं. आप्पा नाहीत, म्हणून आई पुढं झाली. माझी आई, राजाबाई, जी उसना आणलेला कांदासुद्धा लक्षात ठेवून परत करते. मूठ भरून घेतली आणि मोठ्यानं बोलली, "माझ्या घरातलं कुणी ओढा वलांडला न्हाय. वलांडला असंल तर माझं डोळं जाऊं देत."

खांबाचा थंडावा पाठीला लागत होता तेवढं आठवतं.

परत येऊन तिनं तोच भंडारा माझ्या कपाळाला लावला.

शेवटी अण्णांची बायको मालुबाई उभी राहिली. ती म्हणाली, "आमच्या घरातनं वलांडला. का गेलं ते त्यास्नीच ठावं." खाली बसली. यात्रेला देवीची पहिली ओटी भरायचा मान त्यांच्या घराचा आहे, पणजोबापासून. मारुतीरावांनी सांगितलं, पाचव्या वाराला ओटीची परात देवळाच्या पायरीवर आणून ठेवायची. मान दुसऱ्या घराला जाईल. मालुबाईनं पदर तोंडात धरला. बायका तिच्यापासून थोड्या सरकून बसल्या, जागा असून.

रात्रभर आईच्या डोळ्यांकडं बघत राहिलो. झोपली होती.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पोरं बोलवायला आलती. डोकं दुखतंय म्हणालो. खिडकी लावून घेतली तरी भिंतीवर उजेड हलत होता. लाकडं तडतडली आणि मी कानात बोटं घातली.

शनिवार, १५ मार्च

भावकूअण्णांचा निरोप आला. नाग्याला भेटून जा म्हणावं. भाजी घालायला बेळगावला जाणाऱ्या माणसानं सांगितलं. एवढंच, का ते नाही.

माझ्या आधी पोलीस तिथं गेला होता का? ते मला समोर उभं करून नाव सांगणार आहेत. जळालेला माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. मी जाणार नाही. ताप आलाय असं कळवलं.

एक विचार आला तोही लिहितो, कारण इथं लिहिणार नाही तर कुठं? आईनं विचारलं, कसं आहे त्यांचं, तेव्हा वाटलं, बरं नसलं तर. बरे झालेच नाहीत तर. एवढा एक क्षण. मग आईनं दिलेलं ताक तसंच मोरीत ओतलं.

सोमवार, १७ मार्च

सोयरीक मोडली. वार मोडलेल्या घरातली पोरगी नको, असं परशराम मारुतीरावांना सांगून आला. सूरज निपाणीहून आला होता, बापाशी भांडला आणि परत गेला असं म्हणतात.

ज्याच्यासाठी केलं ते झालं. अगदी जसं पाहिजे होतं तसं. तेजस्वी मोकळी झाली.

भीती मात्र गेली नाही. वाढली. जेवताना कुणी दार वाजवलं तर घास खाली ठेवतो. आई म्हणते, बाहेरची बाधा असंल, बुधवारी अंगारा आणू.

देवीनं भलत्याच माणसाला धरलं का? का ती माझ्यासाठी वेळ घेते आहे?

बुधवार, १९ मार्च

गेलो.

अंगारा आणायला निघालेल्या आईला चुकवलं आणि बेळगावची बस धरली. टिळकवाडीच्या फाटकापाशी कॉलेजची पोरं दिसली, मी मान खाली घातली. दवाखान्यात शिरलो तेव्हा ठरवलं होतं, त्यांनी नाव घेतलं तर नाही म्हणायचं. तुम्ही धुरात काय बघितलं, भ्रम झाला असेल. घोकत गेलो.

दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. भुवया नाहीत. श्वास घेताना शिट्टी वाजते. मालुबाई उशाशी होती, तिला त्यांनी चहा आणायला पाठवलं. तेजस्वी औषधाला गेली होती. मी पायापाशी उभा.

"ताप उतरला व्हय तुझा?"

"उतरला अण्णा."

"कुठं भाजलं न्हवतं न्हवं? दाव हात."

मी हात दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले, पालथे करून दाखव म्हणाले, ते पण बघितले. मग डोळे मिटून हसले. ओठ फुटलेले, म्हणून पूर्ण हसता आलं नाही.

म्हशीला पाणी दावायला ओढ्यापर्यंत गेलतो, ते सांगू लागले. करंजाखाली तुझी गाडी दिसली आणि पलीकडं धूर. हाक मारली, ओ न्हाय. म्हटलं पोरगं चोरून बिडी ओढायला आत शिरलं आणि तिथंच झोपलं. आप्पा तुझा असाच, कुठंबी झोपायचा.

"आत शिरलो. बाहेर ये बाहेर ये म्हणून वरडतोय, तर तू कवाच गेलास घराला." परत हसले. "टेंपोत ह्या पोरीला म्हटलं, नाग्याची गाडी हाय तिथं, पोरगं घरी हाय काय बघून ये आधी. मग मला न्या कुठं न्यायचं ते."

घोकलेलं वाक्य तोंडात होतं, ते कुठं ठेवावं कळेना.

"बिडी पडली असंल तुझ्या हातनं. वय असतंय. पर सांगू नगो कुणाला. परशराम सोडायचा न्हाय आणि राजाक्का जीव दील. मी मोटार म्हणून सांगितलंय, तेच धर."

"अण्णा, तुमचा मान जातोय."

"जाऊं दे की. परात हाय ती, माणूस हाय व्हय?"

एवढं बोलून दम लागला. मालुबाई चहा घेऊन आली, मला पण दिला.

बिडी नव्हती, हे मी सांगितलं नाही. मी बिडी ओढत नाही हे गावाला माहीत आहे. त्यांनाच माहीत नाही, कारण त्यांनी माझं वाईट कधी शोधलंच नसेल.

गुरुवार, २० मार्च

कालचं उरलेलं.

दवाखान्याच्या जिन्यात तेजस्वी भेटली. मी तिला म्हणालो, गाडी लावलीस, तुझे उपकार झाले. ती म्हणाली, अण्णांनी सांगितलं म्हणून लावली. मी म्हणालो, परशरामच्या घरातून सुटलीस ते एक बरं झालं.

तिनं पायरीवर पिशवी ठेवली.

"सूरजशी मीच बोलून ठरवलतं, नागू. दोन वर्षं झाली. मला निपाणीला जायचं हुतं." मग हळूच, जसं आत्ताच सुचलं तसं म्हणाली, "तू आत न्हवतास. मग गाडी तिथं कशाला हुती?"

मी पायऱ्या उतरून आलो. पळालो असंच लिहितो.

रागाच्या भरात बोलली असेल. बापाचं तसं झाल्यावर माणूस काहीही बोलतं. सूरजचं ती खरं बोलली नसेल.

हे लिहून वाचलं. माझा मलाच विश्वास बसला नाही.

रविवार, २३ मार्च

आता भीतीची जात बदलली आहे. आधी वाटायचं, कुणाला कळेल. आता वाटतं, कुणाला कधीच कळणार नाही. अण्णा बोलायचे नाहीत, लाईनमनचं ठरलंय, पोलीस परत आला नाही. देवीचा हिशेब गावानं माझ्यासाठी मिटवून टाकला. मी यात्रेत रथ ओढीन, म्हातारा होईन आणि लोक म्हणत राहतील, भावकूला लोभ नडला. आई भंडारा लावत राहील माझ्या कपाळाला.

परशरामचा बांध अजून आमच्या रानात आहे, तो खोटा नाही. पण त्या बांधाचं ओझं जळालेल्या हातांवर टाकायला गेलं की ते राहत नाही, घसरून पडतं. खूप वेळा ठेवून बघितलं.

काल आईला विचारलं, एखाद्यानं ठाऊक नसताना खोटा भंडारा उचलला तर? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ज्येला ठाऊक असतंय त्येनंच खाली ठेवायचा असतोय तो." आणि सुपातला खडा काढून अंगणात टाकला.

तिला काही कळलंय का? नसावं. ती सहज बोलली.

मंगळवार, २५ मार्च

पाचवा वार.

सकाळी आईनं अंघोळीचं पाणी काढून दिलं, धुतलेला शर्ट काढून ठेवला. मी न सांगता. ती देवळाकडं पुढं गेली. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "ये मागनं. सगळ्यांच्या आधी ये." मग माझ्याकडं बघितलं आणि डोळे पुसले. चुलीचा धूर गेला असेल.

मला सगळ्याची भीती वाटते. परशरामच्या हाताची वाटते, तो मारणारच, देवळाच्या पायरीवरच मारेल. नंदगडच्या पोलिसाची वाटते, या वेळी कन्नड आठवायला पाहिजे. अण्णांना कळेल की बिडी नव्हती, काडी होती, हे तर लिहवत नाही. तेजस्वी कुठं उभी असेल तिकडं बघायचं नाही असं ठरवलंय. तिला मिळवायला निघालेला मी, तिचं घर आणि तिचं निपाणी दोन्ही जाळून बसलो. आता सांगितल्यानं ती माझी होणार नाही, सूरजची झाली तर झाली.

आणि आई. तिनं मोठ्यानं बोललेलं सगळ्यांनी ऐकलंय. तिच्या हातातला तो भंडारा मी सगळ्यांदेखत खाली ठेवायला लावणार. ती रात्रभर त्याच जागी बसून राहील, भाकरी थापणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय.

ओढ्यापलीकडं आज कुणी नाही. सगळं गाव देवळापुढं आहे. त्या दिवशी शिवार रिकामं होतं म्हणून मी वार निवडला. आज गाव भरलेलं आहे.

ढोल थांबला. म्हणजे मालुबाई परात घेऊन उठली असेल. पटांगणाच्या त्या टोकापासून देवळाच्या पायरीपर्यंत तिला चालायला वेळ लागतो, गुडघे दुखतात तिचे. ती पोचायच्या आत मला पोचायला पाहिजे.

चप्पल घातली. वाराच्या दिवशी गावात कुणी कुलूप लावत नाही. दार नुसतं ओढून घेतो.